‘पिवळं पाणी फेका, फॉर्मेलिन भरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तिरपा खेकडा

काल इथे एक लेख आला: कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या जुन्या बरण्या ‘नव्यासारख्या’ कशा करायच्या. सारांश असा, की पिवळं पाणी ओतून द्या, नमुना नळाखाली खळखळून धुवा, ताजं १० टक्के फॉर्मेलिन (फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) काठोकाठ भरा, झाकणाला एम-सील थापा आणि दहा वर्षं बघू नका. वर टोमणा, की स्पिरिट (पाणी घातलेलं इथेनॉल) हा परदेशी संग्रहालयांचा थाट आहे. खाली टाळ्याही पडल्यात. प्रतिसादाच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळा धागा.

फॉर्मेलिनचं काम नमुना फिक्स करण्याचं, म्हणजे ऊती कुजू नयेत म्हणून घट्ट करण्याचं. लहान-मध्यम नमुन्याला आठवडा-दहा दिवस पुष्कळ झाले. पुढे वर्षानुवर्षं त्यातच ठेवलं की हवेशी संयोग होऊन फॉर्मिक आम्ल तयार होत राहतं. बफर (आम्ल थोपवणारे क्षार) न घातलेल्या जुन्या बरणीत पीएच पट्टी, म्हणजे आम्लता दाखवणारा कागद, बुडवून बघा, मग बोलू. आम्लात चुना टिकत नाही. शंखांची चकाकी जाते, तारामासा लिबलिबीत होतो, माशाच्या कानातले चुन्याचे खडे (ओटोलिथ) विरघळतात. सायकॉन या स्पंजाचे काटे चुन्याचे, तेही जातात. समुद्रकाकडीची जात त्वचेतल्या सूक्ष्म चुनखडी कणांवरून ठरवतात. ते गेले की बरणीत उरतं ते नुसतं गाठोडं.

पिवळं पाणी म्हणजे बहुतेक वेळा नमुन्यातून उतरलेली चरबी आणि रंग. ते द्रवात आलंय आणि आता बऱ्यापैकी थांबलंय. ताजा द्रव ओतला की नमुना पुन्हा पाझरायला लागतो. द्रव गढूळ झाला असेल, आम्ल झाला असेल किंवा आतलं दिसतच नसेल तरच बदला. केवळ तपासणी समिती येणार म्हणून नको.

आणि काठोकाठ? स्पिरिट १० अंशांनी तापलं की लिटरमागे साधारण १० मिलि फुगतं, पातळ फॉर्मेलिन ३ मिलिच्या आसपास. वर दीड-दोन सेंटिमीटर मोकळं सोडायचं असतं.

फॉर्मेलिनमधला नमुना स्पिरिटात न्यायचा तर आधी दोन दिवस पाण्यात, पाणी बदलत. मग ३०, ५०, ७० टक्के स्पिरिट. लहान नमुन्याला प्रत्येक पायरीवर एक दिवस, मोठ्या माशाला आठवडाभर. एकदम ७० मध्ये टाकलात तर नमुना आक्रसतो.

निवांत कासव

तो लेख माझा नाही, पण बाजू त्याची घेणार.

आम्ल होतं ना? मग बफर घाला. लिटरभर १० टक्के फॉर्मेलिनला मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायबेसिक ६.५ ग्रॅम. एवढ्यासाठी सगळं कपाट स्पिरिटात न्यायचं? ७० टक्के स्पिरिटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो, १७ अंशांच्या आसपास. आपल्याकडे त्याहून थंड खोली असते कधी? शेजारच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले असतात. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेत मे २०१० मध्ये आग लागली आणि सापांचा बहुतेक संग्रह गेला. फॉर्मेलिनची बरणी फुटली तर डोळे झोंबतात, इमारत जळत नाही.

दुसरं: जेलीफिश, फायसेलिया, टिनोफोर असले जेलीसारखे प्राणी स्पिरिटात घालून दाखवा. दुसऱ्या दिवशी चुरगळलेलं प्लॅस्टिक सापडेल.

तिरपा खेकडा

जेलीफिशबद्दल वाद घातला कोणी? जेलीसारखं सगळं फॉर्मेलिनमध्येच. मान्य, आणि आधीही मान्यच होतं.

बफर मात्र संपतो. घातला आणि विसरला असं चालत नाही, वर्षातून एकदा पट्टी लावावी लागते. एम-सील थापलेल्या बरणीत पट्टी कुठून घालणार? बोरॅक्स घालणारेही असतात. त्याने पीएच इतका चढतो की ऊती पारदर्शक होत जातात. फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात २००४ मध्ये टाकलंय, हेही असू द्या ध्यानात.

सदा उदास

वा. आता स्पिरिट आणायचं कुठून तेही सांगा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि त्याच्या नजरेत प्राणिशास्त्राचा विभाग आणि गुत्ता यांत फार फरक नाही. परवाना, नूतनीकरण, साठ्याची नोंदवही, मिलिमिलिचा हिशोब. बरणीतून उडून गेलेलं स्पिरिट नोंदवहीत कुठल्या रकान्यात दाखवायचं? ‘बेडकाने प्यायलं’ असं?

मोजपट्टी

उडालेल्याचा हिशोब येतो, आणि ठेवायलाच हवा. उडताना अल्कोहोल जास्त जातं, पाणी कमी. ७० टक्क्यांवरच्या बाष्पात अल्कोहोल साधारण ८५ टक्के धरा. लिटरच्या बरणीतून १०० मिलि गेलं, की उरलेलं ६८ च्या वर जेमतेम. लोक काय करतात, तर पुन्हा ७० टक्केच ओततात. झालं साडेअडुसष्ट. पाच-सहा वेळा असं केलं की साठीच्या घरात. ५० च्या खाली गेलं की नमुना सडायला मोकळा. म्हणून आधी मोजायचं, मग ९५ टक्क्यांचं लागेल तेवढं घालून वर आणायचं.

सदा उदास

मोजायचं, म्हणजे हायड्रोमीटर बुडवायचा आणि आकडा वाचायचा. एवढं येतं आम्हाला.

मोजपट्टी

येत नाही, तीच तर अडचण आहे. काटा २० अंशांना जुळवलेला असतो, आणि मे महिन्यात तुमची खोली ३० अंशांना. दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का जास्त दाखवतो. म्हणजे काटा ७० म्हणतो तेव्हा बरणीत ६७ असतं. तापमान न लिहिता नुसता आकडा लिहिलेल्या नोंदवह्या रद्दीत घाला.

मिसळतानाही तेच. ९५ टक्क्यांचं ७३७ मिलि घ्या आणि पाणी घालून एकूण लिटर करा. पाणी २८८ मिलिच्या आसपास लागतं, २६३ नाही. मिश्रण आकसतं म्हणून. वजाबाकी करून पाणी मोजणाऱ्यांचं गणित इथेच गंडतं. आणि पाणी डिस्टिल्ड. बोअरचं घातलंत तर तळाशी पांढरा साका बसेल.

सदा उदास

प्रवचनाबद्दल आभार. परवाना कुठे मिळतो ते त्यात कुठेच आलं नाही. डीनेचर्ड स्पिरिट का नको, ते तरी कोणी सांगेल?

तिरपा खेकडा

कारण त्यात काय मिसळलंय ते डब्यावरून कळत नाही. मिथेनॉल असतं, रंग असतो, पॉलिशवाल्यांच्या मालात राळ. पाणी घातलं की दूध होतं. परीक्षा सोपी: ७० मिलि घ्या, ३० मिलि पाणी घाला, रात्रभर ठेवा. सकाळी गढूळ दिसलं तर बरणीत घालू नका. आणि परवाना त्यालाही लागतोच, तेव्हा तुमचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

निवांत कासव

म्हणजे फिरून फॉर्मेलिनच.

खाडीकाठी

आयपीए विसरलात सगळे. आयसोप्रोपिल, ५० ते ५५ टक्के. साध्या रसायन दुकानात मिळतं. शिकवणीच्या नमुन्यांना चांगलं चालतं.

मोजपट्टी

चालतं, पण जळतं तेही. आणि इथेनॉलमधला नमुना आयपीएत, मग पुन्हा इथेनॉलमध्ये अशी ये-जा करू नका, प्रत्येक बदलाला नमुना फुगतो किंवा आक्रसतो. एकदा ठरवा आणि बरणीवर कोणता द्रव, किती टक्के, कधी भरला हे लिहा. वीस वर्षांनी येणाऱ्याला पारदर्शक द्रव म्हणजे कोडं. पातळ फॉर्मेलिन पाण्याहून जड, ७० टक्के स्पिरिटची घनता ०.८९ च्या जवळ. हायड्रोमीटरने एवढं तरी कळेल. वास घेऊन ओळखणाऱ्यांना माझा नमस्कार.

लेबलवाली

एवढा धागा वाचला, लेबलाचं नाव शेवटी निघालं, तेही बरणीवर! बाहेर डिंकाने चिकटवलेलं लेबल झुरळं डिंकासकट खातात. लेबल आत हवं, नमुन्यासोबत. जाड सुती कागद, पेन्सिल किंवा कार्बनची काळी शाई, पूर्ण वाळवून. बॉलपेन स्पिरिटात धुऊन जातं. लेझर प्रिंट तर अजून वाईट: आज सुंदर, काही वर्षांनी टोनर सुटतो आणि अक्षरं तळाशी काळा गाळ होऊन बसतात. एका बरणीत एकाहून जास्त नमुने असतील तर प्रत्येकाला दोऱ्याने क्रमांक बांधा.

आणि जुनं लेबल काढायचं नाही. चुकलेलं असलं, नाव बदललेलं असलं, फाटलेलं असलं तरी नाही. नवं त्याच्या शेजारी. जागा आणि तारीख गेली तर तो नमुना नाही, लोणचं आहे. द्रव ७० असो की ६७, मग काही फरक पडत नाही.

मोजपट्टी

पडतो. ६७ चा ५० होईपर्यंत कोणी बघितलं नाही तर लेबल तेवढं शाबूत राहील, नमुना नाही.

लेबलवाली

सुकलेला नमुनाही लेबल असेल तर वाचवता येतो. ट्रायसोडियम फॉस्फेटचं अर्धा टक्का द्रावण, कोमट, ३५–४० अंश. ऊती फुगून आल्या की लगेच बाहेर, पाण्याने धुवायचं, मग पायरीपायरीने स्पिरिट. जास्त वेळ ठेवलं तर लगदा होतो. मूळ आकार सगळा येत नाही, पण खवले आणि पर मोजता येतात. लेबल गेलं तर कशात बुडवून परत आणणार?

निवांत कासव

मुद्दा बरोबर आहे, आवाज जरा कमी करा. २०१४ नंतर पदवीच्या वर्गात विच्छेदन बंद झालं, नवा माल येत नाही. म्हणूनच मी म्हणतो, आहे ते कमीत कमी हलवा. तुमचे दोन दिवस पाणी, तीन पायऱ्या हे कपाटभर बरण्यांना करणार कोण? लॅब असिस्टंटची पदं कधीपासून रिकामी आहेत?

तिरपा खेकडा

कपाटभर एकदम करायला सांगितलं कोणी? आधी चुन्याचे: शंख, तारामासे, समुद्री साळू, समुद्रकाकड्या, खेकडे. मग छोटे मासे. गर्भ आणि मेंदू शेवटी, जेली कधीच नाही. बर्लिनच्या संग्रहालयात २,७६,००० बरण्या आहेत, त्यांनीही—

सदा उदास

बर्लिन आलं. वाटच बघत होतो.

तिरपा खेकडा

बरं, राहिलं बर्लिन. फॉर्मेलिनचं कपाट वेगळं, स्पिरिटचं वेगळं. स्पिरिटचं कपाट लोखंडी, तळमजल्यावर, बर्नर आणि जिन्यापासून लांब. प्रत्येक खणात सांडलेलं अडवणारा काठ असलेला ट्रे. आगीचं उत्तर तिथे आहे. आणि काढलेलं फॉर्मेलिन बेसिनमध्ये नाही, लेबल लावलेल्या कॅनमध्ये, घातक कचरा म्हणून.

निवांत कासव

ठीक. चुन्याचे घेऊन जा, बाकीचे मी बफर घालून सांभाळतो, वर्षातून एकदा पट्टीही लावतो. झाकणाचं मात्र पटलं नाही. चौकोनी बरणीला वर नुसती काचेची पट्टी असते, तिला काय लावणार? व्हॅसलीन उन्हाळ्यात ओघळतं.

तिरपा खेकडा

व्हॅसलीन लावायचं ते घासलेल्या काचेच्या गोल बुचाला, तेही बोटाने पुसट. सपाट पट्टीला सिलिकॉन, पण न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्ल सोडतं, ते घेऊ नका. काठ आधी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करायचा, पातळ सलग रेघ ओढायची, पट्टी ठेवून वर थोडं वजन, चोवीस तास हलवायचं नाही. उघडताना पातळ ब्लेड फिरवलं की सुटतं. इपॉक्सी (एम-सील तेच) सुटत नाही, काच फुटते. गोल बरणीला पॉलिप्रॉपिलीनचं फिरकीचं झाकण, आत पॉलिथिलीनच्या फोमचं अस्तर. पत्र्याचं झाकण गंजतं, बेकेलाइटचं तडकतं.

सदा उदास

कपाट, ट्रे, सिलिकॉन, सुती कागद, सगळं लिहून घेतलं. आता परवान्याच्या अर्जात ‘वार्षिक गरज किती लिटर’ असा रकाना आहे, तो मोजपट्टींनी २० अंशांना दुरुस्त करून भरून द्यावा.

मोजपट्टी

बरण्यांची संख्या आणि प्रत्येकीचं आकारमान द्या. एकूण द्रवाच्या ७४ टक्के रेक्टिफाइड (म्हणजे ९५ टक्क्यांचं) स्पिरिट, वर वर्षाची घट. घट वजन करून काढा: दहा बरण्या आज तोला, महिन्याने पुन्हा तोला.

सदा उदास

तराजू कुलूपबंद आहे. किल्ली लॅब असिस्टंटकडे असायची.