वाळलेले जळाऊ लाकूड वजनावर विकताना गिऱ्हाइकाला काय सांगावे?

प्रश्न: वखारदार, पारोळा

नमस्कार मंडळी. आमची जळाऊ लाकडाची लहानशी वखार आहे. बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ आणि सुबाभूळ दिवाळीनंतर शेतकऱ्यांकडून घ्यायची, तिचे तुकडे करून ते फोडायचे, थप्प्या लावून उन्हाळ्यात वाळवायचे आणि लग्नसराईपासून पुढे विकायचे, असा आमचा क्रम आहे. माल चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. अडचण आहे ती गिऱ्हाइकांच्या अपेक्षांची.

पहिली तक्रार भावाची असते. दुसरीकडे किलोमागे दोन-अडीच रुपये कमी पडतात, असे प्रत्येक जण सांगतो. तो माल ओला आहे, हे समजावले तर "लाकूड ते लाकूडच" असे उत्तर मिळते. दुसरी तक्रार त्याहून त्रासदायक आहे. माल नेणारा तो अंगणात उघड्यावर टाकतो, त्यावर एक-दोन पाऊस पडतात आणि मग लाकूड धुरकट निघाले म्हणून तो पैसे परत मागतो. काहींना तर धूर अजिबात नको असतो, सगळ्या फोडी सारख्या जाडीच्या हव्या असतात आणि हॉटेलवाल्यांना वर्षभर एकच भाव हवा असतो. यातले किती मान्य करावे आणि विकतानाच पावतीवर काय लिहून द्यावे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर: तापीकाठ, जळगाव

भाऊ, आपल्या तक्रारीचे मूळ गिऱ्हाइकाच्या स्वभावात कमी आणि काट्यात जास्त आहे. लाकूड वजनावर विकले जाते तोपर्यंत वाळवणाऱ्याला तूट सोसावी लागणार आणि ओले विकणाऱ्याला फायदा होणार, कारण त्याच्या मालातल्या पाण्यालाही लाकडाचाच भाव मिळतो. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर एकदा कागदावर मांडून पाहा.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या 45 टक्के पाणी आहे असे धरू. म्हणजे 100 किलो मालात खरे लाकूड 55 किलो. हाच माल 15 टक्के ओलाव्यापर्यंत वाळला की काट्यावर सुमारे 65 किलो भरतो. आपण तो 5 रुपये किलोने घेतला असेल, तर नुसती खरेदी वसूल होण्यासाठी तो साधारण 7 रुपये 70 पैशांना विकावा लागतो. फोडणावळ, हमाली, जागेचे भाडे आणि सहा महिने अडकलेले भांडवल यांत धरलेले नाही. त्यामुळे "दोन-अडीच रुपये महाग" हा आक्षेप मुळात घटीवरच आहे, आपल्या नफ्यावर नाही.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. ओले लाकूड जळताना आधी त्यातले पाणी तापते आणि मग त्याची वाफ होते. उकळत्या एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. वरच्या उदाहरणातल्या ओल्या लाकडापासून किलोमागे साधारण 2,100 ते 2,200 किलोकॅलरी हाती लागतात, तर 15 टक्के ओलाव्याच्या लाकडापासून 3,600 ते 3,700. म्हणून वाळलेले 65 किलो लाकूड ओल्या 100 किलोंपेक्षा थोडी जास्तच उष्णता देते. हॉटेलवाल्याला टक्केवारी ऐकवू नका. दोन्ही माल एकेक आठवडा वापरून पाहायला सांगा आणि खर्च किलोवर न मोजता दिवसावर मोजायला सांगा.

ओलावा मोजायचे दोन सुयांचे मीटर वखारीत असावे, मात्र ते वापरण्याची रीत आहे. ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा उघड्या टोकाला सुया टोचल्या तर आकडा नेहमी कमी दाखवला जातो, कारण लाकूड तिथेच आधी वाळते. फोड मधोमध चिरून आतल्या ताज्या अंगावर मोजावे. शिवाय यातली बहुतेक मीटरे ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून दाखवतात. मीटरवरचे 25 म्हणजे एकूण वजनातले 20 टक्के. दोन वखारदारांच्या आकड्यांत फरक पडतो तो अनेकदा एवढ्यामुळेच. आकडा 30 च्या वर गेला की तो फार नेमका राहत नाही, तेव्हा "ओले आहे" इतकेच समजावे.

उत्तर: आचारी, भुसावळ

मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. आम्हा आचाऱ्यांना टक्क्यांशी कर्तव्य नसते. चारशे पानांचे वरण उतरेपर्यंत जाळ एकसारखा राहील का आणि मंडपात बसलेल्यांच्या डोळ्यांत धूर जाणार नाही ना, एवढेच आम्ही पाहतो. गिऱ्हाईक आले की लाकूड कशासाठी हवे आहे, हे बहुतेक वखारींमध्ये कोणी विचारतच नाही, आणि निम्मी भांडणे तिथेच सुरू होतात.

मोठ्या भातासाठी आणि वरणासाठी मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड बाभळीच्या फोडी लागतात, कारण तिचे निखारे टिकतात. खापरावरच्या मांड्यांना मात्र जाड लाकूड उपयोगाचे नाही. तिथे आच भराभर कमी-जास्त करता यावी लागते, म्हणून सुबाभळीच्या बारीक, नीट वाळलेल्या फोडी बऱ्या. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचे गिऱ्हाईक तर वखारीचे नाहीच. वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा जाळ लागतो, तो झटकन पेटतो आणि वांग्याची साल सगळीकडून करपवतो. त्याला ओंडके विकले तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. अशा वेळी आपण त्याला सरळ शेतकऱ्याकडे पाठवावे. नाहीतरी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीमुळे हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे याच काड्या, शेताजवळ रचून ठेवू नयेत, असे कृषी विभाग सांगतच असतो, त्यामुळे शेतकऱ्यालाही त्या लवकर गेलेल्या हव्या असतात.

एक अपेक्षा आमचीही असते, ती बोलून दाखवली जात नाही. लग्नात लाकूड कमी पडू नये म्हणून आम्ही यजमानाला जास्त मागवायला सांगतो आणि उरलेले वखारदाराने परत घ्यावे, असे गृहीत धरतो. हे इसार घेतानाच बोलून घ्यावे. परतीचा भाव थोडा कमी ठेवा आणि कोरडा व न जळलेला मालच परत घ्या. त्याला कोणी हरकत घेत नाही. लांबीही तेव्हाच विचारावी. दीड ते दोन फुटांची फोड बहुतेक भट्ट्यांत बसते. तीन फुटांची आली की अर्धी बाहेर राहते आणि धूर तिथूनच होतो.

उत्तर: जुना वखारदार, शहादा

तापीकाठ यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु पावतीवर ओलाव्याचा आकडा लिहून देण्याच्या मी विरुद्ध आहे. एकाच थप्पीतल्या दोन फोडींत पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि लाकूड आपल्या दारातून गेल्यावर त्याचे काय होते ते आपल्या हातात नसते. आकडा लिहिला की गिऱ्हाईक स्वतःचे मीटर घेऊन येते आणि वाद लाकडाचा न राहता मीटरचा होतो.

त्याऐवजी प्रत्येक थप्पीवर लाकूड फोडल्याचा महिना खडूने लिहावा. तोडल्याचा नव्हे, फोडल्याचा, कारण सालीसकट जाड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओला असू शकतो, आणि मनगटाएवढी फोड आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळते. गिऱ्हाइकाला थप्पीतली हवी ती फोड निवडू द्यावी आणि ती त्याच्यासमोर चिरून दाखवावी. टोकाला भेगा, सुटत आलेली साल, दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज, या खुणा खेड्यातल्या माणसाला मीटरपेक्षा लवकर पटतात. पावतीवर लाकडाची जात, वजन, फोडल्याचा महिना आणि "माल पाहून घेतला" एवढे पुरे. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असे लावले की काट्याबद्दलची निम्मी कुजबुज थांबते.

धुराची हमी मात्र कधीही देऊ नये. वाळलेले लाकूडही पेटताना धूर देते, आणि चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरून हवा अडवली तर ते धुमसणारच. आम्ही "माल वाळलेला आहे" असे सांगतो, "धूर होणार नाही" असे कधीच सांगत नाही. बाभळीच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागून पिवळसर भुकटी पडते, त्यावरूनही लोक माल सडका ठरवतात. भुकटी थोडी असेल तर लाकूड जळायला चांगलेच असते, हे आधीच सांगून टाकावे.

भाव वर्षभर एक ठेवू नका. हॉटेलवाल्यांशी उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा असे दोन भाव ठरवावेत. पावसाळ्यात छपराखालची जागा हाच खरा खर्च असतो. ओल्या मालाला गिऱ्हाईक असेलच, तर तोही स्वतंत्र थप्पीत, कमी भावाने आणि ओला म्हणूनच विकावा. दोन थप्प्या शेजारी दिसल्या की फरक समजावत बसावे लागत नाही. अंत्यसंस्कारासाठी कोणी आले तर मात्र तिथे ना भावाची चर्चा करावी, ना निवड त्याच्यावर सोडावी. वखारीतला सर्वांत कोरडा माल काढून द्यावा.

विषय निघाला आहे म्हणून सांगतो, स्वस्त मिळाले तरी आंबा, चिंच, मोह किंवा अंजन कागदपत्रे पाहिल्याशिवाय घेऊ नये. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडे आहेत आणि ती खाजगी जमिनीवर असली तरी तोडायला परवानगी लागते. वाहतुकीला कोणत्या जातींना पास लागत नाही, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता: वखारदार, पारोळा

सर्वांचे आभार. फोडल्याचा महिना लिहिण्याची आणि दोन थप्प्यांची सूचना मला पटली. परतीची बोलीही इसाराच्या वेळीच करीन. एक प्रश्न उरतो. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या नैवेद्याच्या वेळी, सगळी भाऊबंदकी एकत्र जमते आणि कोरड्या लाकडाची मागणी एकदम वाढते. तेव्हा छपराखालचा मालही थोडा दमट झालेला असतो. तो वाळलेला म्हणून विकावा का?

उत्तर: तापीकाठ, जळगाव

जरूर विकावा. ओल्या लाकडातला दमटपणा वेगळा आणि पावसाळी हवेतला वेगळा. मे महिन्यात आपल्याकडच्या हवेत बारीक फोड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि श्रावणातल्या हवेत तीच छपराखाली राहूनही 15-16 टक्क्यांपर्यंत चढते. तेवढ्याने जाळात अडचण येत नाही. वरून पाणी लागलेली फोड आतून कोरडी असेल, तर आडोशाला वारा लागेल अशी दोन-तीन दिवस ठेवली की पुरते. फक्त तशी भिजलेली असताना तिचे वजन करू नये, नाहीतर पाण्याचे पैसे घेतल्याचा आरोप या वेळी खरा ठरेल.

कानबाईची नोंदणी ज्येष्ठातच घेऊन तेवढा माल जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर वेगळा रचावा. ताडपत्री फक्त माथ्यावर टाकावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले तर आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी धरते. गिऱ्हाइकालाही गाडीत माल भरताना हेच तोंडी सांगावे.