उधाणाचे खारे पाणी दर वर्षी घरात शिरते. भिंतींची ओल हटत नाही

प्रश्न:
आमचे घर समुद्राजवळ सखल जागी आहे. गेली तीन वर्षे मोठ्या उधाणाच्या दिवशी जोराचा पाऊसही असला, की घरात घोट्याइतके पाणी शिरते. ते काही तासांत ओसरते, पण भिंतींची ओल महिनोन् महिने राहते. पहिल्या वर्षी आम्ही खालचा गिलावा काढून सिमेंटचा नवा गिलावा केला आणि त्यावर जलरोधक रंग दिला. वर्षाच्या आत रंगाला फुगे आले. त्यातला एक नखाने उकलला, तर आतून मिठासारखी पांढरी भुकटी घरंगळली, आणि तीही जिथे पाणी कधी पोहोचलेच नव्हते अशा कमरेइतक्या उंचीवर. पुन्हा तेच काम करावे, की मुळात काही वेगळे करायला हवे?

प्रतिसाद १:
आपण पाहिलेली भुकटी म्हणजे लोणा. पाणी ओसरते, मीठ मात्र भिंतीतच राहते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की हे मीठ हवेतलेच बाष्प ओढून घेते. त्यामुळे घरात पाणी न शिरताही भिंत ओली दिसते. हवा कोरडी झाली, की त्याचे पुन्हा स्फटिक बनतात आणि त्यांच्या दाबाने गिलाव्याचे पोपडे सुटतात. आपल्या सिमेंटने आणि रंगाने ओलीची खालची वाट बंद केली, म्हणून ती वर चढली.

पाणी ओसरल्याबरोबर, भिंत सुकण्यापूर्वीच, ती गोड्या पाण्याने धुवावी. ओलीच्या खुणेच्या वर अर्धा मीटरपर्यंतचा गिलावा काढून विटा उघड्या ठेवाव्यात. नंतर वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचलावा. ओल्या फडक्याने पुसल्यास तो विरघळून पुन्हा आत जातो. भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला एक महिना लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. एवढा काळ उघड्या विटा पाहणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे, पण इथे घाई केली की सारा खर्च वाया जातो. त्यानंतर चुन्याचा गिलावा करावा. तो उरलेले मीठ स्वतःवर घेतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. त्याचे कामच ते आहे.

प्रतिसाद २:
वरील सल्ला योग्य आहे, परंतु पाणी कोठून शिरते हे आधी पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीची पातळी सांडपाण्याच्या नळाच्या तोंडापेक्षा वर जाते; अशा वेळी पावसाचे पाणी बाहेर पडत नाही आणि समुद्राचे पाणी उलटे आत येते. उंबरा कोरडा असताना मोरी भरू लागली, तर दाराला फळ्या लावून उपयोग नाही. बाहेर जाणाऱ्या नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेरच जाऊ देणारी झडप, बसवावा आणि प्रत्येक उधाणापूर्वी तो उघडून साफ करावा, कारण झडपेत एखादा खडा अडकला तरी ती मिटत नाही.

प्रतिसाद ३:
घराला काँक्रीटचे खांब असतील, तर त्यांच्या पायथ्याशी उभ्या तडा आहेत का, हे आजच पाहावे. मिठातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास वरून गिलावा करून झाकू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. खारे पाणी लागलेली विजेची बटणे आणि सॉकेट सुकवून पुन्हा वापरू नयेत, बदलावीत, आणि नवी पुराच्या खुणेच्या बरीच वर बसवावीत.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आज मोरीची जाळी उचलून पाहिली, तर तिच्या खालच्या अंगाला बारीक शिंपले अडकलेले होते. इतकी वर्षे आम्ही दारातच वाळूच्या गोण्या रचत आलो. आता आधी व्हॉल्व्ह बसवून घेतो. भिंती तोवर उघड्याच राहतील.