मदत हवी आहे : रोटरी इंजिनच्या एपेक्स सीलची झीज नक्की कशी धरायची?

नमस्कार मंडळी,
मित्राच्या जुन्या माझदा आरएक्स-७ चं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) सध्या नाशिकच्या अंबडला एका शेडमध्ये खोलून ठेवलंय. रोटर दोन, प्रत्येकाला तीन टोकं, म्हणजे एपेक्स सिलं (टोकांच्या खाचेत बसणाऱ्या, हाउसिंगला घासत जाणाऱ्या पट्ट्या) सहा.

मॅन्युअलप्रमाणे नव्या सीलची उंची ८ मिमी, मर्यादा ६.५. पण मायक्रोमीटर लावला की एकाच सीलचं रीडिंग मध्ये वेगळं, टोकांना वेगळं. वरची गोलाई मध्येच घासून चपटी झालीय, नखालाही जाणवते. अशा वेळी सर्वांत कमी आकडाच धरायचा ना? दोन सिलं एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरली, तर एका जोडीतून फट दिसते. ती जोडी बादच समजतोय.

खरा घोळ रोटरच्या खाचेचा आहे. सील आणि खाच यांच्यामधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ०.१५ मिमीच्या आसपास घट्ट जातो, आणि मर्यादा तेवढीच. खाच झिजलीय की सील, हे ओळखायला नवं सील बसवून मोजायचं का?

हाउसिंगचा (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचा) आतला क्रोमचा थरही एका कडेला सुटलाय. इथले मशीनवाले ते गोल सिलिंडर समजून बोअर करायला निघालेत, आता त्यांना काय सांगू! सातपूर-अंबडमध्ये रोटरीवर हात बसलेलं कुणी असेल तर कृपया कळवा.