चौरस खोलीत डग्गा घुमतो, फोम लावूनही फरक नाही

हौशी_कानसेन

मंडळी, गाणं ऐकायची खोली ३.४ मीटर बाय ३.४ मीटर, अगदी चौरस. दरवाजा आडवा येतो म्हणून दोन्ही बुकशेल्फ स्पीकर जरा डावीकडे सरकवलेत. सोफा मागच्या भिंतीला टेकून, आणि माझी बसायची जागा त्याच्या डाव्या टोकाला, म्हणजे पार कोपऱ्यात.

आधी टाळी वाजवली की भिंतींमधून 'टर्रर्र' असं परत ऐकू यायचं. म्हणून तीन भिंतींवर एक इंच जाडीचा फोम चिकटवला. टर्रर्र गेलं, पण सतारीच्या तारेची चमकही गेली. डग्गा मात्र जसाच्या तसा. काही ठरावीक घुमाऱ्यांना छातीत धक्का बसतो, शिवाय वूफर फाटल्यासारखी 'खर्र' होते. आणि गंमत म्हणजे पाणी आणायला उठून खोलीच्या मध्यावर आलो की डग्गा गायब! दारापाशी पोचलो की पुन्हा हजर.

स्पीकर बदलू का? घरच्यांचं मत आधी कान तपासून घ्यावेत असं आहे.

खर्जप्रेमी

स्पीकर राहू द्या, कानही राहू द्या. खोली तिचं गणित करतेय.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या खर्ज सुराच्या लाटेची लांबी त्या हिशेबाने साधारण ६.९ मीटर, म्हणजे तुमच्या भिंतींमधल्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते: भिंतीपाशी दाब सर्वात जास्त, मध्यावर जवळजवळ काहीच नाही. खोली चौरस असल्याने लांबीचा आणि रुंदीचा आकडा एकच, आणि तुम्ही बसलात कोपऱ्यात, जिथे दोन्ही एकमेकांवर चढतात. त्याहून वाईट जागा शोधून सापडली नसती!

आता फोम. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती आतून ये-जा करणाऱ्या हवेला घासून. भिंतीला लागून हवा हलतच नाही, नुसती दाबली जाते. हालचाल सर्वात जास्त असते भिंतीपासून पाव लाटेवर. १०० हर्ट्झला ते अंतर ८६ सेंटिमीटर भरतं. तिथे तुमचा अडीच सेंटिमीटरचा फोम काय करणार? तो वरचे सूर गिळतो आणि खर्जाला हात जोडतो. अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांचीही हीच गत. (मीही लावले होते. फोटो मागू नका.)

फुकटातलं आधी करा. सोफा पुढे घ्या, कान मागच्या भिंतीपासून १.३ मीटरवर यायला हवेत. ते लांबीच्या साधारण ३८ टक्के होतं. कायदा नव्हे, सुरुवात म्हणून घ्या. स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून समान अंतरावर, आणि तुम्ही मधोमध. बाजूच्या भिंतींवर फोम सगळीकडे नको. कुणाला तरी आरसा धरून भिंतीलगत सरकायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथेच शोषक लावायचा, बाकीचा काढायचा.

नुसतं_ऐका

एवढा खटाटोप कशाला? ॲम्प्लिफायरमध्ये इक्वलायझर (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) असेल तर ५० हर्ट्झ खाली ओढा. विषय संपला.

खर्जप्रेमी

उंचवटा, म्हणजे जिथे सूर फुगतो तो, खाली ओढायला हरकत नाही, मीही ओढतो. पण खड्डा, म्हणजे जिथे सूर गायब होतो तो, त्याने भरत नाही. ६ डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते, आणि भिंतीवरून परतणारी लाटही तेवढीच वाढून पुन्हा खोडते. शिवाय तुम्ही एका खुर्चीपुरतं जुळवलं की शेजारच्या खुर्चीवरच्याचं बिघडतं. आधी जागा, मग कोपऱ्यात जाड रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर), किमान १० सेंटिमीटर आणि मागे तेवढीच पोकळी. कापडात नीट गुंडाळून, कारण तंतू टोचतात. इक्वलायझर सगळ्यात शेवटी.

हौशी_कानसेन

रविवार कारणी लावला. सोफ्याला रजा दिली, साधी खुर्ची आणली. ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून खोलीभर फिरलो. कोपऱ्यात कानात कुणी अंगठा दाबावा तसं, मध्यावर शांतता. हा प्रकार घरच्यांनाही फिरवून दाखवला, कान तपासण्याचा विषय तूर्त मागे पडला.

खुर्ची १.३ मीटरवर सुरुवात करून शेवटी १.१५ वर थांबलो. तिथे डग्ग्याचे घुमारे वेगवेगळे मोजता येतात. स्पीकर मधोमध आले, दरवाजा आता अर्धाच उघडतो. आरसा धरायला भाचा होता, त्याने दोन मिनिटांत दोन्ही जागा दाखवल्या. तेवढा फोम ठेवला, उरलेला सोलून काढला, सतार परत आली. धक्का निम्म्याहून कमी झालाय. रॉकवूल पुढच्या महिन्यात.

'खर्र' मात्र तशीच होती. तोच सूर चालू ठेवून एकेका वस्तूवर हात ठेवत गेलो. वूफर ठणठणीत आहे. कपाटाच्या दाराची काच खाचेत सैल होती. पुठ्ठ्याची घडी खोचली, बंद.

आता भिंतीवरचे गोंदाचे डाग कशाने निघतात तेवढं सांगा.