मदत हवी आहे: गाईडबुक घेऊ का नको? आज रात्रीपर्यंत सांगा

सांबऱ्याचा_वारा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. साधा प्रश्न आहे. तिकडचं गाईडबुक विकत घेण्यात काही अर्थ आहे का? खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत तीन दुकानं पालथी घातली. युरोप आहे, दुबई आहे, सिंगापूर आहे, हे नाही. एका दुकानदारानं तर मलाच देशाचं नाव कागदावर लिहून मागितलं. ऑनलाइन मिळतंय, पण अडीच हजाराच्या वर आणि आवृत्ती 2018 ची. सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे. एवढे पैसे घालून शिळी माहिती घ्यायची का? 'गूगल कर' म्हणून सांगू नका, ते करून झालंय.

निपाणीचा_चहा
'तिकडचं' म्हणजे कुठलं ओ? नेपाळ पण तिकडंच आणि न्यूझीलंड पण तिकडंच.

राकसकोपचं_पाणी
गाईडबुकाचे दिवस गेले. फोनमध्ये सगळं असतं. मी व्हिएतनामला दहा दिवस होतो, एक कागद बरोबर नव्हता. माझं ऐकाल तर व्हिएतनामलाच जा. स्वस्त आहे आणि फळं मस्त.

सांबऱ्याचा_वारा
नाव लिहायचं राहिलं, सॉरी. किर्गिझस्तान. मुक्काम बिश्केक. व्हिएतनामला जायचं नाहीय.

गोकाकचा_करदंट
एमबीबीएस का? सध्या फी किती पडते? साडूच्या मुलाला नीटमध्ये कमी पडलेत, घरात रोज तोच विषय.

सांबऱ्याचा_वारा
पुतणी तिथं तिसऱ्या वर्षाला आहे. फी तिचा बाप भरतो, मला आकडा ठाऊक नाही. प्रश्न पुस्तकाचा आहे.

हलशीचा_भटक्या
2023 च्या जुलैत जाऊन आलोय, जाडजूड गाईडबुक पाठीवर घेऊन. तुम्ही म्हणताय ते बहुतेक तेच, 'मध्य आशिया' असं पाच देशांचं एकत्र. त्यात किर्गिझस्तानच्या वाट्याला पाचवा हिस्सा. म्हणजे अडीच हजारातले दोन हजार तुम्ही उझबेकिस्तान, कझाकस्तान वगैरेंना देणार. नुसत्या किर्गिझस्तानवरचंही इंग्रजी पुस्तक निघालेलं आहे, ते शोधा.

पुस्तकानं मला तोंडावर पाडलं ते असं. राहण्याचे दर सगळे चुकले, हे एक सोडून देऊ. बिश्केकमधले मार्श्रुत्कांचे (आपल्या वडापसारख्या व्हॅन) नंबर बदललेले. पुस्तकातला नंबर घेऊन थांब्यावर पाऊण तास उभा, शेवटी एका म्हातारीनं हातानंच 'नाही' केलं. आणि दक्षिणेकडून ताजिकिस्तानात उतरायचा रस्ता पुस्तकात इतका रंगवलाय की मी तो पक्काच केला होता. प्रत्यक्षात 2021 च्या चकमकींनंतर ती सीमा बंद. मार्च 2025 मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी करार केला तेव्हा कुठं उघडली. छापील पुस्तकाला हे कळणार कसं?

पण काराकोलला त्याच पुस्तकानं वाचवलं. तिथं एक लाकडी इमारत आहे, वळलेली छपरं, लाल-पिवळे-हिरवे रंग. माझ्या बरोबरचे दोघे बौद्ध मंदिर समजून फोटो काढून निघाले होते. ती मशीद आहे. चीनमधून पळून आलेल्या दुंगान मुसलमानांची, 1910 मध्ये पुरी झालेली. एकही खिळा न मारता बांधली असं सांगतात. पुस्तकात अर्धं पान होतं म्हणून तासभर थांबलो, नाहीतर आम्हीही फोटो काढून चालू पडलो असतो.

राकसकोपचं_पाणी
हे अर्धं पान फोनवर पण वाचता आलं असतं की. दीड किलोचं ओझं कशाला?

हलशीचा_भटक्या
वाचता आलं असतं. पण वाचायचं आहे हेच माहीत नव्हतं, तर शोधणार काय? आणि सोंग-कोल तलावाला, 3016 मीटरवर, फोनला रेंज नव्हती. यर्टमध्ये (तिथल्या मेंढपाळांचा गोल तंबू) चार्जिंग म्हणजे सौर पॅनेलवरचा एक बल्ब आणि त्याच्याभोवती सहा फोन.

राकसकोपचं_पाणी
ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक. संपला विषय. बिश्केकला टू-जीआयएस नावाचं नकाशाचं ॲप चालतं, इमारतीचं दार कुठल्या बाजूला आहे ते पण दाखवतं. पुस्तक दाखवतंय का?

खानापूर_लोंढा_पॅसेंजर
दोघंही गप्प बसा जरा. धागा त्यांचा आहे. माझा अनुभव वेगळा: मी गाईडबुक नेहमी घरी वाचतो आणि घरीच ठेवतो. जायच्या आधी महिनाभर रात्री दहा-दहा पानं. तिथं गेल्यावर जे आठवतं तेवढंच कामाचं. अवांतर: आपल्या भागावर असं एक धड पुस्तक का नाही? किल्ल्यातली कमल बस्ती, हलशीची कदंबांची देवळं, देगावचं कमलनारायण. बाहेरचा माणूस आला की आपण त्याला गोकाक धबधबा दाखवतो आणि कुंदा हातात देतो. झालं बेळगाव.

निपाणीचा_चहा
+1. आणि धबधब्याला पण पाणी नसताना नेतो.

संकेश्वरी_मिरची
पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक पाहिजे. नसेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाका, पत्त्यात गल्लीचं नाव आधारवर जसं आहे तस्संच लिहा. माझ्या वेळी एका अक्षरावरून तीन हेलपाटे झाले. कन्नडमधून इंग्रजी करताना 'ळ'चा 'ल' झाला होता.

सांबऱ्याचा_वारा
पासपोर्ट आहे. ई-व्हिसा पण होतोय. माझा प्रश्न एका ओळीचा आहे, घेऊ की नको. दोन तास झाले.

चिकोडीवाली
दादा, चिडू नका, पण एका ओळीत उत्तर द्यायला तुम्ही काही सांगितलेलंच नाही. कुठला महिना? किती दिवस? किती जण? खाण्याचं काय? पुतणी बरोबर फिरणार की तिचं कॉलेज चालू? यावर सगळं अवलंबून आहे.

सांबऱ्याचा_वारा
ऑक्टोबर. 12 दिवस. शाकाहारी. पुतणीचं कॉलेज चालूच असणार, संध्याकाळी मोकळी होते. वयाचा आणि पुस्तकाचा काय संबंध, जुनी माणसं वाचतच नाहीत का?

चिकोडीवाली
वय मी विचारलंच नाही ओ. किती जण एवढंच विचारलं. वय कुठनं आलं?

निपाणीचा_चहा
सापडले.

सांबऱ्याचा_वारा
बरं, सांगतो. मी जात नाहीय. बाबा जाताहेत, एकटे. वय 68. खानापूर तालुक्यात शाळेत इतिहास शिकवायचे. नातीला बघायला म्हणून निघालेत, पण बारा दिवस खोलीत बसून राहायचा त्यांचा विचार नाही. स्मार्टफोन आहे, तो फक्त फोन घ्यायला. नकाशा उघडून दिला तर म्हणतात, 'यात मी कुठं आहे ते त्याला कळतंय, मला कळत नाही.' म्हणून पुस्तक. म्हणून तुम्हाला विचारलं. आता तरी सांगा.

हलशीचा_भटक्या
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! मग माझं अर्धं उत्तर बदललं. सोंग-कोल विसरा. ऑक्टोबरात यर्ट आवरून माणसं खाली आलेली असतात आणि 68 व्या वर्षी एकट्यानं 3000 मीटर नकोच. बिश्केक शहर साधारण 800 मीटरवर आहे, म्हणजे उंचीच्या बाबतीत बेळगाव सोडल्यासारखंही वाटणार नाही. थंडी मात्र रात्री झोंबेल, स्वेटरवर भागणार नाही.

सरांना बुराना नक्की दाखवा. शहरापासून 80 किलोमीटर, नातीच्या सुट्टीच्या दिवशी टॅक्सीनं जाऊन येता येतं. कराखानी राजवटीच्या बालासागुन शहराचा उरलेला मिनार आहे, अकराव्या शतकातला. भूकंपांनी वरचा भाग पडून आता 25 मीटरच राहिलाय. आतला जिना अंधारा, अरुंद आणि उभा, गुडघे दुखत असतील तर वर चढू देऊ नका. पण मिनारापेक्षा बाजूचं मैदान बघायला सांगा. तिथं दगडी माणसं मांडून ठेवलीत, बलबल म्हणतात. कमरेएवढी, छातीशी दोन्ही हातांत पेला धरलेला, डोळे मिटल्यासारखे. मध्य आशियातल्या जुन्या तुर्क टोळ्यांचे स्मृतिदगड. आपल्या गावोगावचे वीरगळ ज्यांनी मुलांना शिकवलेत त्यांना तिथून उठवायला नातीला ओढावं लागेल.

राकसकोपचं_पाणी
एकट्या म्हाताऱ्या माणसाला तिकडं पाठवायचंच कशाला? मे 2024 मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला होता, आपल्या दूतावासानं मुलांना बाहेर पडू नका म्हणून कळवलं होतं. हे कुठल्या गाईडबुकात आहे?

सांबऱ्याचा_वारा
पुतणी तेव्हा तिथंच होती. दोन दिवस दार लावून खोलीत. आईनं इथं देव पाण्यात घातले होते. माहीत आहे आम्हाला. आता ती म्हणते, आजोबांना पाठवा, दिवसा काही त्रास नाही.

चिकोडीवाली
जेवणाचं मी सांगते, माझी नणंद दोन वर्षं होती तिथं. शाकाहाराचे हाल आहेत. लगमान म्हणजे हातानं ओढलेल्या शेवया, पण रस्सा मांसाचा. समोसा समजून घेतलेला साम्सा, त्यात मटण. घोड्याचंही मांस खातात. 'मांस नको' म्हटलं तर मांस वेचून ताट परत आणतात, असं ती सांगायची. पण तंदूरची गोल रोटी जागोजागी मिळते, दही-मलई उत्तम, सफरचंदं, अक्रोड, मध. शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि भाजणी द्या बरोबर. तिथलं चलन सोम आणि आपला रुपया जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे हिशेबाला सरांना त्रास नाही.

गोकाकचा_करदंट
करदंट पण द्या. टिकतो. आणि फीचं पुतणीला विचारून सांगाल का?

खानापूर_लोंढा_पॅसेंजर
मला वाटतं आपण सगळे पुस्तकात अडकलोय आणि सरांची खरी अडचण लिपीची आहे. तिथं पाट्या सिरिलिकमध्ये, किर्गिझ आणि रशियन. गाईडबुक इंग्रजीत. म्हणजे पुस्तकात वाचलेलं नाव समोरच्या पाटीशी जुळणारच नाही. मी मॉस्कोला उतरलो तेव्हा पहिल्या दिवशी 'पेक्टोपाह' नावाच्या हॉटेलांची साखळी दिसली. किती शाखा यांच्या, म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, ते 'रेस्तोरान' आहे. इंग्रजी पी दिसतो तो 'र', सी म्हणजे 'स', एच म्हणजे 'न', बी म्हणजे 'व', वाय म्हणजे 'ऊ'. किर्गिझची अक्षरं एकूण 36. तेवढी शिकवली की शहर उघडतं. गाईडबुकात मागे भाषेचं प्रकरण असतं, तेवढी पानं मात्र सोन्याची.

सांबऱ्याचा_वारा
हे बाबांना जमेल. चाळिशीत कन्नड अशीच शिकले. कुणी शिकवलं नाही, बसच्या पाट्यांवरून. स्टँडवर उभं राहून आधी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, ही गाडी कुठली, आणि मग पाटीकडे बघून एकेक अक्षर जुळवायचे. 'हुब्बळ्ळी' मधला जोड-ळ कळायला आठवडा लागला म्हणतात. आम्हाला लाज वाटायची, मास्तर असून असं विचारत फिरतात म्हणून.

हलशीचा_भटक्या
मग झालं की ओ. पूर्ण पुस्तक नका घेऊ. काही प्रकाशक ई-आवृत्तीतलं एका देशाचं प्रकरण सुटं विकतात. तसं मिळालं तर तेवढंच घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून स्पायरल करा. दर आणि बसचे नंबर असतील तिथं सरळ लाल रेघ मारून टाका, म्हणजे विश्वास ठेवणार नाहीत. इतिहास, नकाशा, भाषा एवढंच ठेवा. आणि पुतणीकडून एक कार्ड लिहून घ्या, सिरिलिकमध्ये: घरचा पत्ता, तिचा नंबर, 'मी मांस खात नाही'. ते खिशात.

एक सांगायला हवं. ओश बाजार बिश्केकमध्येच आहे, आणि ओश नावाचं शहर दक्षिणेला 600 किलोमीटरच्या वर. टॅक्सीवाल्याला नुसतं 'ओश' म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं. त्यानं आनंदानं दार उघडलं.

संकेश्वरी_मिरची
ओशला जाणार असतील तर सुलेमान डोंगर आहे, 2009 पासून जागतिक वारशात. बाबरानं तिथं वर छोटी खोली बांधली होती. त्याचं जन्मगाव अंदिजान सीमेपलीकडे, आता उझबेकिस्तानात. तिकडं जाऊन परत यायचं तर किर्गिझचा दोनदा प्रवेशाचा व्हिसा बघा.

सांबऱ्याचा_वारा
ओशला नाही जाणार. बारा वाजून गेले, सवलत गेली. पुस्तक घेतलं नाही. उद्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. आभार सगळ्यांचे, राकसकोपवाल्यांचेही.

सांबऱ्याचा_वारा (चार दिवसांनी)
सुटं प्रकरण मिळालं, 14 च्या अक्षरात छापलं. लाल रेघा बाबांनीच मारल्या, प्रत्येक रेघेजवळ 'जुने' असं लिहिलंय, पेपर तपासल्यासारखं. अक्षरं कॅलेंडरच्या पाठीमागे काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावलीत. काल घरातल्या सगळ्यांची नावं लिहून झाली. आज आमच्या गावाचं लिहायला बसले आणि मला विचारतात, बेळगाव लिहू की बेळगावी?

निपाणीचा_चहा
बेळगावच. यात विचारायचं काय?

गोकाकचा_करदंट
2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. पासपोर्टवर आहे तेच लिहा, उगीच गोंधळ नको.

खानापूर_लोंढा_पॅसेंजर
सिरिलिकमध्ये 'ळ' आहे का आधी ते सांगा.

प्रशासक
गावाच्या नावावरची चर्चा दुसऱ्या धाग्यावर करावी. तिथे आधीच चारशे प्रतिसाद आहेत.

राकसकोपचं_पाणी
'ळ' नाही. 'ल' लिहायला सांगा. आणि काकांना निघायच्या आधी टू-जीआयएस एकदा तरी दाखवा ओ.