पावसाळ्यात बंद गाडी: तांदळाच्या पुरचुंडीने भागणार नाही

पावसाळ्यात बंद गाडीत ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी डॅशबोर्डवर ठेवा, असं काहीजण सुचवतात. मुंबईच्या जुलैत ती आधी स्वतःच सर्दावेल, वर पोरकिडे फुकट! सिलिका जेल घ्या, शक्यतो केशरी दाण्यांचं. ओल शोषून दाणे हिरवे पडले की स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर तापवा, पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल भरपूर ओढतात, पण त्यात साचणारं पाणी खारं असतं. डबा कलंडला तर खालचा पत्रा गंजलाच म्हणून समजा.

पण हे सगळं नंतर. आधी मॅट उचला आणि कार्पेट तळहाताने दाबून बघा. वरून कोरडं लागतं, दाबलं की खालच्या फोममधून पाणी वर येतं. बऱ्याचदा वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं अडकून निचऱ्याची भोकं बुजलेली असतात. नाहीतर एसीची निचरा नळी तुंबलेली असते. ती साफ केल्याशिवाय किलोभर जेल ठेवलंत तरी व्यर्थ.

प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, आत वाफ कोंडते. आठवड्यातून एकदा एसी लावून चक्कर मारा. थांबण्याआधी पाचेक मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये, चाकाला वीट.