वाडी परिवार: आईच्या वर्षश्राद्धाचं पत्रक

ताई: अण्णा, पत्रकाचा मजकूर वाचला. "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कै. तात्यांच्या धर्मपत्नी, मायेची सावली." झालं? चार ओळींत आई संपली? कुठल्याही घरच्या आईचं नाव घातलं तरी चालेल असं आहे हे. रागावू नकोस, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

अण्णा: छापखान्याचा नमुना आहे तो. सगळे तसंच छापतात. उद्या बारापर्यंत मजकूर द्यायचाय. पंधरा दिवस ग्रुपवर विचारतोय, तेव्हा कोणी बोललं नाही.

मोठी वहिनी: वर्षश्राद्धाला जेवायला किती पानं ते गुरुवारपर्यंत कळवा. आचाऱ्याला सांगायचंय. मुक्कामाला कोण कोण तेही लिहा.

भावोजी: 🙏🙏

ताई: तात्या गेले तेव्हा बाळ सात वर्षांचा होता. त्यानंतर वाडी आईने एकटीने शिंपली. पंप नव्हता, बैलाचा रहाट होता. पहाटे उठून रहाट हाकायची, पाटाचं पाणी सुपारीच्या एकेका पोफळीच्या आळ्यात वळवायची आणि मग आमच्या वेण्या. यातलं एक अक्षर नाही पत्रकात.

बाळ: रहाटाचा आवाज आला नाही तर पलीकडच्या वाडीतून हाक यायची, वहिनी, आज बरं नाही का?

दादा: जन्मसाल काय टाकायचं? आधारवर १ जून १९४३ आहे.

चिऊ: अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो दादा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख ती.

ताई: १९४३ साफ चूक. रामदास बोट बुडाली तेव्हा आई बाणकोटला बिगारीत होती. बातमी आली म्हणून गुरुजींनी शाळा सोडली, ही उड्या मारत घरी गेली आणि आजोबांची चपराक खाल्ली. किती वेळा सांगितलंय तिने. बोट बुडाली १९४७ च्या जुलैत. चार वर्षांची पोर बिगारीत असते का?

भावोजी: १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. त्या काळी किनाऱ्याला सगळा प्रवास बोटीचाच. आमचे वडील दाभोळला पडावातून उतरायचे, पाण्यात पाय बुडवल्याशिवाय घर यायचं नाही. त्यात पावसाळ्यात तर

ताई: अहो, बोटींचं नंतर.

भावोजी: बरं.

अण्णा: म्हणजे १९४० की १९४१? वाद नको, सालच गाळतो.

ताई: काही गाळू नकोस! सगळं गाळून गाळून तर ही वेळ आलीये.

मोठी वहिनी: किती पानं ते गुरुवारपर्यंत कळवा. आचाऱ्याला सांगायचंय. मुक्कामाला कोण कोण तेही लिहा.

चिऊ: काकू, मी आणि हे, दोन. आजीबद्दल मी पण लिहिते. आम्हाला ती पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळलेल्या झावळीवर बसवून ओढायची, विहिरीपासून थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत. साठी उलटली होती तेव्हा तिची. मी घट्ट धरायचे आणि ती मागे वळून म्हणायची, धर गो, माझ्याकडे नको बघू, विरी धर.

दादा: आणि माझं ढोपर फुटलं तेव्हा हळद लावून वर मलाच ओरडली, विरी मोडलीस म्हणून 😄

बाळ: भूकंपाचं लिहा कोणीतरी.

ताई: तुझंच लिहू का? कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. त्या दिवशी बाळचं बारसं होतं. आईने बारा दिवसांचं पोर पदरात घेतलं, मला दंडाला धरलं आणि अंगणात. अण्णा आत झोपलेला राहिला.

अण्णा: तात्यांनी उचललं मला.

ताई: तात्यांनी नाही, आई परत आत गेली. मी उजाडेपर्यंत तुळशीपाशी बाळला धरून बसले होते, पाच वर्षांची मी. आणि दुपारी बारसं झालंच. नारळ फुटले, घुगऱ्या वाटल्या.

अण्णा: हे मला माहीत नव्हतं.

बाळ: वादळाचंही हवं. ३ जून २०२०. निसर्ग आलं तेव्हा आम्ही सगळे माजघरात. आई उंबरठ्यापाशी बसून पोफळी पडल्याचे आवाज मोजत होती. दोनशेच्या पुढे गेल्यावर म्हणाली, आता नको मोजायला. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून सरळ समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता तिथून.

धाकटी वहिनी: वीज यायला महिना गेला. फोन नाही, छप्पर नाही. आईंना ताडपत्रीखाली झोपवत होतो. कोणी यावं असं आमचं म्हणणं नव्हतं.

अण्णा: लॉकडाऊनमध्ये प्रवासाचा ई-पास मिळत नव्हता. हे शंभरदा सांगून झालंय.

धाकटी वहिनी: मी कुठे काय म्हटलं?

ताई: ई-पास सप्टेंबरात बंद झाला अण्णा. तू दिवाळीत आलास.

अण्णा: आणि तू कधी आलीस?

बाळ: अरे थांबा. पत्र्यांचे पैसे अण्णाने पाठवले होते. आईच्या वहीत तारखेसकट लिहिलंय. ताईने पाठवलेल्या औषधांचंही लिहिलंय. सगळ्यांचं आहे.

मोठी वहिनी: मी काही बोलत नाही. फक्त किती पानं ते कळवा. गुरुवारपर्यंत.

बाळ: चौथ्या दिवशी काठी टेकत वाडीत गेली. मला म्हणाली, रोठा सुपारीची रोपं कुठे मिळतात बघ. मी म्हटलं, आई, पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. ऐंशीची होती ना ती. तर म्हणते, आधी केळी लाव, सावली नसली तर रोपं करपतील. त्या पावसाळ्यात दीडशे लावली. खुर्ची टाकून बसायची. रोप वाकडं लागलं की काठीने खूण करून परत लावायला लावायची.

दादा: हे पत्रकात पाहिजेच. बाबा, छापखान्याला मोठा कागद सांगा.

धाकटी वहिनी: एक सांगू का? शेवटचे चार महिने आई मला ओळखत नव्हत्या. बाई, तुम्ही कुठल्या, असं विचारायच्या. मी रोज सांगायचे, मी तुमची सून. त्या म्हणायच्या, हो का, बसा, चहा घ्या. पण वाळलेली सुपारी हातात दिली की कानाशी हलवायच्या आणि सांगायच्या, ही वाळली, हिला अजून आठ दिवस ऊन दाखवा. फोडून बघितली मी. एकही चुकली नाही.

चिऊ: काकू 🙏

ताई: वहिनी, मला हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

धाकटी वहिनी: फोनवर तुम्ही तब्येतीचं विचारायचात ताई. मी तेवढंच सांगायचे.

ताई: उद्या करते फोन. दुपारी, तुमचं आवरल्यावर.

अण्णा: मजकूर लिहिलाय. बघा.

"आमची आई. माहेर बाणकोट, १९५८ साली होडीतून खाडी ओलांडून श्रीवर्धनला सासरी आली. तात्यांच्या मागे वाडी शिंपून तिने तीन मुलं शिकवली. भूकंपाच्या पहाटे दोन लेकरं बाहेर काढली आणि तिसऱ्यासाठी पुन्हा घरात गेली. निसर्ग वादळात वाडी आडवी झाल्यावर ऐंशीव्या वर्षी दीडशे पोफळी लावल्या. सुपारी कानाशी हलवून ओळखायची. जन्म: रामदास बोट बुडाली त्याच्या सहा-सात वर्षं आधी."

भावोजी: शेवटची ओळ उत्तम.

ताई: "प्रेमळ" काढलास?

अण्णा: काढला. ठेवायचा होता का?

ताई: नको. असंच राहू दे.

बाळ: अण्णा, छापायच्या आधी एक घाल. त्या दीडशेंपैकी विहिरीजवळच्या दोघींना या आठवड्यात पोय आलीय, पहिला फुलोरा. सकाळी फोटो टाकतो, आता अंधार आहे.

मोठी वहिनी: आत्तापर्यंत सत्तावीस पानं झाली. भावोजी, तुमचं अजून कळलं नाही.